उत्तरेची खिडकी

आमच्या नव्या घराच्या बैठकींत समोरच्या भिंतीवर जलरंगांतलें एक चित्र टांगलेलें आहे. एक जुनी लांकडी खिडकी, तिच्याखालीं घडवंची, घडवंचीवर पाण्यानें भरलेला पितळी गडू आणि या सर्वांवर पसरलेला शांत, निवळ उजेड, एवढाच त्याचा विषय. येणारे पाहुणे चहा घेतां घेतां त्याकडे पाहतात आणि बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो, "हें केवढ्याला पडलें?" "कांहीं नाहीं, भेट मिळालें आहे," असें सांगून मी विषय बदलतों. परंतु हें उत्तर पुरें नाहीं. तें चित्र फार महाग पडलें आहे, आणि त्याची किंमत भरली ती दुसऱ्यानें. माझी साठी उलटून आतां कांहीं वर्षें झालीं. ज्या गोष्टी मनांत ठेवून माणूस म्हातारा होतो त्यांपैकीं ही एक आज वाचकांपुढें मांडावी असें वाटतें. कारण माझ्यासारखे वाडेवाले गृहस्थ वाचकांतहि असतील, आणि त्यांच्याहि वाड्यांत माडीवर एखादी खोली असेल.

पुण्यास सदाशिव पेठेंत आमचा दोन चौकी वाडा होता. दगडी जोतें, सागवानी खांब, मातीविटांच्या जाड भिंती, असें पणजोबांच्या हातचें तें बांधकाम. मागल्या चौकाच्या माडीवर उत्तरेच्या अंगास एक लांबट खोली होती. पूर्वीं तींत धान्य सांठवीत, पुढें अडगळ सांठूं लागली. १९७६ सालीं माझ्या वडिलांनीं, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, ती खोली आमच्या शाळेंतील चित्रकलेच्या मास्तरांना काम करावयास दिली. मास्तर राहत दुसरीकडे, एका चाळींत. तेथें पाट टाकून बसावयासहि जागा नव्हती, मग चित्राचा फळा कोठून मांडणार?

या मास्तरांनीं मलाहि शिकविलें होतें. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना त्यांच्या हातून शेंकडों मुलें बसलीं आणि उत्तीर्ण झालीं. मी मात्र एलिमेंटरीच्याहि उंबरठ्यावर अडलों. माझा घडा कागदावर कधीं सरळ उभा राहिला नाहीं. "अरे, तुझ्या घड्याला कायमची घेरी आलेली असते," असें ते म्हणत. पुढें मॅट्रिक होऊन, संस्कृताचा अभ्यास करून मी त्याच शाळेंत शिक्षक म्हणून रुजू झालों, त्या दिवसापासून मास्तरांनीं मला 'तूं' म्हणणें सोडलें. शिक्षकांच्या खोलींत सर्वांदेखत ते म्हणाले, "या शास्त्रीबोवा, बसा." मला त्या वेळीं संकोच झाला, परंतु पुढें चाळीस वर्षें तोच प्रघात चालला.

खोलीचें भाडें महिना पंधरा रुपये ठरलें होतें. महिन्याच्या पहिल्या तारखेस मास्तर पाकिटांत घालून तें आणीत आणि अण्णांच्या हातीं देत. पहिल्याच महिन्यांत त्यांनीं पावतीची गोष्ट काढली, तेव्हां अण्णा हंसून म्हणाले, "अहो, घरच्या माणसाला पावती कसली?" तो शब्द आम्हां सर्वांस मोठा गोड वाटला. मास्तरांसहि वाटला. आई त्यांना उन्हाळ्यांत वर ताक पाठवी, श्रावणांत सवाष्ण-ब्राह्मणाच्या पंगतींत त्यांचें पान असे, आमच्या मुंजींच्या आमंत्रणपत्रिकांवर वेलबुट्टी त्यांच्या हातची असे. घरचाच माणूस तो! या शब्दाची दुसरी बाजू दिसावयास बेचाळीस वर्षें जावीं लागलीं.

चित्रकाराला उत्तरेचीच खिडकी कां हवी, हें मला त्या खोलींत कळलें. पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी असली तर ऊन आंत शिरतें, घटकेघटकेस सांवल्या सरकतात, आणि सकाळीं मांडलेलें चित्र दुपारीं खोटें ठरतें. उत्तरेकडून येतो तो आकाशाचा उजेड. तो सावकाश बदलतो आणि रंगांत आपला रंग मिसळीत नाहीं. मात्र आमच्या या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हींचा सूर्य डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो, आणि सकाळसंध्याकाळीं त्याची तिरीप उत्तरेच्या खिडकींतूनहि आंत येते. तेवढे दिवस मास्तर खिडकीवर पांढऱ्या मलमलीचा पडदा सोडीत. पंचांग न पाहतां तो पडदा केव्हां चढवावयाचा आणि केव्हां काढावयाचा हें ते भिंतीवरील उजेडावरून ओळखीत. मी गंमतीनें म्हणत असें, "मास्तर, दक्षिणायन लागलें कीं नाहीं हें तुमच्या भिंतीस विचारावें."

त्यांचीं चित्रें पुण्याचीं होतीं. दर रविवारीं पहाटे ते बाहेर पडत, ओंकारेश्वराच्या घाटावर, मुठेच्या कांठीं, पेठांच्या बोळांतून बसून कच्चीं टिपणें करीत, आणि आठवडाभर शाळा सुटल्यावर त्या खोलींत तीं रंगवीत. कागद पाण्यांत भिजवून फळ्यावर ताणून चिकटवावयाचा, वाळून नगाऱ्यासारखा झाला कीं त्यावर रंग सोडावयाचा, ही सारी क्रिया मी अनेकदां पाहिली. पावसाळ्यांत कागदाला बुरशी येऊं नये म्हणून चित्रें पत्र्याच्या ट्रंकांतून डांबराच्या गोळ्या घालून ठेवीत, आणि श्रावणांत ऊन पडलें कीं खोलीभर उलगडून मांडीत. १९६१ च्या १२ जुलैस पानशेतचें धरण फुटून शहरांत पूर आला तेव्हां ते सोळा वर्षांचे होते. त्या पुरानंतर पडलेल्या घरांचीं कोळशानें काढलेलीं त्यांचीं टिपणेंहि एका ट्रंकेंत होतीं. विकण्याचा उद्योग त्यांनीं केला नाहीं. प्रदर्शनें दोन भरविलीं, तींहि शाळेच्याच सभागृहांत.

वाडा म्हातारा झाला. एका पावसाळ्यांत पश्चिमेची भिंत खचली. तुळयांना वाळवी लागली. आम्ही चौघे भाऊ, चौघांचे संसार, दोघांचीं मुलें परगांवीं. वाडा पाडून तेथें इमारत बांधावी हा विचार अयोग्य होता असें मी आजहि म्हणणार नाहीं. २०१८ च्या आरंभीं एका बांधकाम करणाऱ्याशीं बोलणें झालें. भाडेकऱ्यांची यादी करावयाची होती. ज्यांच्याजवळ पावत्या होत्या अशा सहा बिऱ्हाडांना नव्या इमारतींत जागा मिळावयाची होती. याद्या वाचून झाल्यावर धाकट्या भावाच्या पत्नीनें स्वयंपाकघराच्या दारांतून विचारलें, "आणि मास्तरांचें काय?"

सर्वजण माझ्याकडे पाहूं लागले, कारण मी वडील आणि मास्तर माझे. समोरच्या गृहस्थांनीं विचारलें, "त्यांच्यापाशीं पावती आहे का?"

मी म्हणालों, "नाहीं."

तें उत्तर अक्षरशः खरें होतें. युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळें वर चालत असे, आणि असेंच एक अक्षरशः खरें वाक्य बोलल्यावर तो जमिनीला टेकला, हें मी तीस वर्षें मुलांना शिकवीत आलों होतों. पावती नाहीं, परंतु बेचाळीस वर्षें भाडें दिलें आहे, आणि पावती नाहीं ती आम्हीं दिली नाहीं म्हणून, हें पुढचें वाक्य माझ्या ओठांवर आलें आणि तेथेंच राहिलें. आणखी एका नांवाची भर पडली तर प्रत्येक भावाच्या वांट्याची जागा किती कमी होईल, याचा हिशेब त्याच क्षणीं मनानें करून टाकला होता. यादी पुढें सरकली. मीं सही केली.

मास्तरांना सांगावयास मी वर गेलों तेव्हां ते तबकडींत निळा रंग कालवीत होते. मीं सर्व सांगितलें. पावतीचा भाग वगळला. त्यांनीं कुंचला पाण्यांत बुडवून ठेवला आणि विचारलें, "केव्हांपर्यंत?"

"दिवाळीपर्यंत."

"म्हणजे पावसाळा मिळाला," ते म्हणाले. "पावसाळ्यांतला उजेड चांगला असतो." आणि पुन्हां कुंचला उचलला. त्यांनीं रागावून दोन शब्द बोलले असते तर मला पुष्कळ हलकें वाटलें असतें.

चार महिने त्यांनीं चित्रांसाठीं जागा शोधली. मुलाच्या दोन खोल्यांच्या घरांत सहा ट्रंका मावण्यासारख्या नव्हत्या. एका संस्थेनें निवडक दहा चित्रें घेण्याची तयारी दाखविली. परंतु तीं तळघरांत राहणार होतीं. सर्वच कलावंतांचें भाग्य सारखें नसतें. अलिबागजवळ सासवण्यास शिल्पकार विनायकराव करमरकर यांचें घर त्यांच्या पुतळ्यांसह संग्रहालय म्हणून राहिलें. औंधास बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं कलावस्तूंसाठीं डोंगरावर संग्रहालय उभारलें. पण शाळेंतल्या ड्रॉइंगमास्तराच्या सहा ट्रंकांना डोंगर कोण देणार?

याच दिवसांत एके दुपारीं मास्तरांनीं मला ब्रांकुशीची हकीकत सांगितली. कॉन्स्टंटिन ब्रांकुशी हा रुमानियांत १८७६ सालीं जन्मलेला शिल्पकार १९०४ मध्यें पॅरिसास आला आणि १९१६ पासून तेथील 'अँपास रोंसें' नांवाच्या एका गल्लींत त्याची कार्यशाळा होती. आपलीं शिल्पें एकमेकांपासून किती अंतरावर, कोणत्या उजेडांत उभीं राहावीं याचा तो इतका विचार करी कीं, एखादें विकलें गेलें तर त्याच्या जागीं प्लास्टरची प्रतिकृति ठेवी. कारण खोलीची ती सारी मांडणीच त्याला एक शिल्प वाटत असे. म्हातारपणीं त्या कार्यशाळा पाडण्याचें घाटूं लागलें. तेव्हां १९५६ मध्यें त्यानें मृत्युपत्र केलें आणि आपली कार्यशाळा, आंतील शिल्पें, हत्यारें, सामानसुमान, सर्व कांहीं फ्रान्सच्या सरकारास देऊन टाकलें. अट एकच, कीं ती खोली होती तशी पुन्हां उभारावी. पुढच्याच वर्षीं तो वारला. त्याची खोली यथावकाश पुन्हां उभारली गेली, आणि १९९७ मध्यें रेंझो पियानो या वास्तुविशारदानें तिच्यासाठीं पाँपिदू केंद्रासमोर निराळी वास्तु बांधली.

या ब्रांकुशीचा आपल्याकडील एका घराण्याशींहि संबंध आला होता. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनीं त्याचे तीन 'पक्षी' घेतले, एक पंचरशी, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. आणि त्यांच्यासाठीं ध्यानाचें एक लहानसें मंदिर बांधण्याचें काम त्यास सांगितलें. त्यासाठीं १९३७-३८ च्या हिवाळ्यांत तो इंदुरास येऊनहि गेला. मंदिर कांहीं झालें नाहीं. ते दोन संगमरवरी पक्षी पुढें ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत गेले.

"पाहा शास्त्रीबोवा," मास्तर म्हणाले, "देऊळ मिळालें नाहीं म्हणून पक्षी कांहीं मेले नाहींत. त्याला सरकार मिळालें, मला शेजारी मिळतील. येत्या दसऱ्याला तुमचा चौक एक दिवस द्याल का?"

चौक! जो त्यांचाच होता तितकाच आमचा. मीं मान हलविली.

२०१८ च्या दसऱ्यास सकाळीं सात वाजतां आमच्या पुढल्या चौकांत दोऱ्या बांधून तीनशेंबारा चित्रें चिमट्यांनीं लटकविण्यांत आलीं. खालीं सतरंज्या घातल्या. मास्तरांनीं निमंत्रणें कोणा रसिकांना पाठविलीं नव्हतीं. जुने विद्यार्थी, शाळेचे शिपाई, परीट, दूधवाला, शेजारपाजारचीं बिऱ्हाडें, यांना तोंडानें सांगितलें होतें. ज्याला जें आवडेल तें त्यानें न्यावें. अट एकच: दाराशीं ठेवलेल्या वहींत आपलें नांव, चित्राचा क्रमांक आणि तेंच कां निवडलें हें स्वहस्तें लिहावें. वहीवर मी बसलों होतों, म्हणून सांगूं शकतों कीं इतकें चांगलें मराठी मीं विद्यार्थ्यांच्या निबंधांतून क्वचितच वाचलें. परिटानें घाटाचें चित्र घेतलें आणि लिहिलें, "या दगडावर माझा बाप कपडे आपटीत असे." एका प्रौढ बाईंनीं एका वाड्याच्या दिंडीदरवाजाचें चित्र घेतलें. लिहिलें, "हें माझें माहेर. आतां फक्त येथें आहे." एका मुलानें कारण दिलें, "यांत कुत्रा आहे." पुराचीं टिपणें मात्र कोणी उचलीना, शेवटीं एक वृद्ध गृहस्थ आले, बराच वेळ उभे राहिले, आणि कारणाच्या रकान्यांत नुसती तारीख लिहून एक घेऊन गेले.

आपट्याचीं पानें देतांना आपण "सोनें घ्या" म्हणतों. त्या दिवशीं चौकांत तो शब्द प्रथमच मला अर्थासह ऐकूं आला. संध्याकाळपर्यंत दोऱ्या रिकाम्या झाल्या. मग मास्तर वर गेले आणि एक गुंडाळी घेऊन खालीं आले. "हें तुमचें," ते म्हणाले. "याला क्रमांक नाहीं. खिडकी तुमचीच आहे." मीं तें दोन्ही हातांनीं घेतलें आणि "आभारी आहें" म्हणालों. वहींत मात्र कांहीं लिहिलें नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रांत दानाचा विचार फार बारकाईनें केलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेंत विज्ञानेश्वर सांगतात कीं, आपलें स्वामित्व सोडणें आणि दुसऱ्याचें उत्पन्न करणें, हीं दोन्ही मिळून दान होतें. आणि दुसऱ्याचें स्वामित्व त्यानें स्वीकार केल्यावांचून उत्पन्न होत नाहीं. तो स्वीकार तीन प्रकारचा: मनाचा, वाणीचा आणि शरीराचा. ज्या मिताक्षरेच्या आधारें आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या वडिलार्जित मिळकतीचे हिस्से पडत आले, त्याच ग्रंथांतली ही गोष्ट. हातांनीं मीं घेतलें, वाणीनें आभार मानले. मनाचें काय? भाड्याच्या घरांत गेल्यावर ती गुंडाळी कपाटावर ठेवली. "दुसऱ्याच्या भिंतीला खिळे कसे ठोकावे?" असें घरांत सांगितलें. २०२३ मध्यें नव्या इमारतींत राहावयास आलों, भिंती स्वतःच्या झाल्या, तरी गुंडाळी कपाटावरच.

त्याच वर्षीं रद्दीच्या दुकानांत वर्तमानपत्रें द्यावयास गेलों असतां तेथें एका गठ्ठ्यावर मला मास्तरांचा घाट दिसला. चांदण्यांतला, कोपऱ्यास पाण्याचा डाग पडलेला. मीं दहा रुपये देऊन तें उचललें आणि संतापानें थेट मास्तरांच्या मुलाच्या घरीं गेलों. "वहींत नांव आहे," मी म्हणालों, "कोणी टाकलें तें आतां शोधून काढतों. अशा माणसाला दान घ्यावयाचा अधिकार काय?"

मास्तरांनीं चित्र हातांत घेऊन खिडकीशीं नेलें. ती खिडकी पश्चिमेची. बराच वेळ पाहून म्हणाले, "येथें पाण्यांत हिरवा फार झाला आहे. त्या वेळीं कळलें नाहीं." मग तें मला परत देऊन बोलले, "दिलें तें दिलें, शास्त्रीबोवा. त्यांच्याकडे कांहीं वर्षें तरी भिंतीवर होतें. मागें खिळ्याची खूण आहे पाहा. तुमचें कोठें लावलें आहे?"

मला उत्तर सुचेना. मास्तरांनीं माझ्याकडे पाहिलें, आणि चाळीसांहून अधिक वर्षांनीं ते म्हणाले, "अरे, तुझा घडा अजून सरळ होत नाहीं."

तेव्हां मीं त्यांना सर्व सांगितलें. त्या बैठकींत विचारलेला प्रश्न, माझें एकाक्षरी नसलें तरी एकशब्दी उत्तर, आणि गिळलेलें वाक्य. त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारांतच थांबल्या. मास्तर म्हणाले, "मला तें त्याच दिवशीं कळलें होतें. तूं वर आलास तेव्हां भिंतीकडे पाहून बोलत होतास." आणि पुढें, "मला राग आला होता. नाहीं असें नाहीं. म्हणूनच तुला खिडकी दिली."

घरीं येऊन मीं त्याच संध्याकाळीं खिळा ठोकला. रात्रीं भावांना बोलाविलें आणि सहीच्या दिवशीं जें बोलावयाचें राहिलें होतें तें बोललों. कायदेशीर असें आतां कांहीं होण्यासारखें नव्हतें. इमारतींतील प्रत्येक फूट वांटली गेली होती. परंतु आमच्या वांट्यास आलेल्या जागेंत उत्तरेच्या बाजूस एक लहान खोली आहे, तींत आम्हीं गाद्या आणि फराळाचे डबे ठेवीत होतों. आमच्या कुटुंबानें दुसऱ्या दिवशीं माझ्या आधींच ती रिकामी करावयास घेतली.

मास्तर येऊन उजेड पाहून गेले. सकाळीं अकरापर्यंत ठीक आहे, म्हणाले. त्यानंतर समोरच्या इमारतीच्या कांचांवरून ऊन परतून आंत येतें. ते आतां मंगळवारीं आणि शुक्रवारीं सकाळीं येतात. हात थोडा कांपतो, म्हणून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काम करतात. जुनी खोली आम्हीं त्यांना परत दिली, असें मी समजत नाहीं. ती पाडली, तिच्याबरोबर बेचाळीस वर्षांचा उजेड गेला. पुण्यांतून असे वाडे रोज जात आहेत आणि जावयाचेच आहेत. परंतु सही करण्यापूर्वीं घरांतील वडील माणसानें यादींत नसलेलीं नांवें एकदां मोठ्यानें वाचावीं, एवढें मात्र मी अनुभवानें सांगतों. 'घरचा माणूस' हा शब्द प्रेमाचा खरा. पण ज्याला आपण घरचा म्हटलें त्याला घर वांटतांना आपण मोजलें कीं नाहीं, यावरून त्या शब्दाची परीक्षा होते.

पहिल्या मंगळवारीं मास्तरांनीं जुन्या संवयीनें पाकीट पुढें केलें. आंत एक रुपया होता. मीं तो घेतला. मग टेबलाच्या खणांतून नवें पावतीपुस्तक काढलें, तारीख घातली, खोलीचें वर्णन लिहिलें, सही केली, आणि ती पावती त्यांच्या हातीं दिली. चष्मा चढवून त्यांनीं ती आरंभापासून शेवटपर्यंत वाचली आणि घडी करून रंगांच्या पेटींत ठेवली.